तारेपलीकडचा दगड

९ ऑक्टोबर, सान तादेओ, टेक्सास

अन्सेल्मोदादा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज तर न वाचता पुसता येतो. पत्र फेकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून हे पत्र. पत्ता तुझ्या सरहद्दीवरच्या गस्तीच्या ठाण्याचा घातलाय. तिथल्या कुणी फोडलंच तर त्याला सांगते, यात सरकारी गुपित काही नाही, घरातली बोलणी आहेत. आणि अक्षर हे असंच आहे. शाळा सोडली तोवर एवढंच आलं होतं.

मी घरी आलेय. कोळंबीच्या बोटीवरचं काम सुटलं, मग कलिंगडाच्या ट्रकवर होते, मग तो ट्रकच बसला, आणि ज्या गावात बसला तिथं एका बाईच्या खानावळीत भांडी घासली. तिच्याकडे तीन पायांचं कुत्रं होतं, ते चार पायांच्या कुत्र्यांवर दादागिरी करायचं. असो. आता काय करते ते सांगितलं तर हसशील, किंवा हसणार नाहीस. तू बोटीतून जाताना काठावर पात्यांच्या तारेची जी वेटोळी बघतोस ना, ती अंथरणाऱ्या टोळीत मी आहे. गव्हर्नरच्या ठेकेदाराची टोळी. तू केंद्राचा, मी राज्याची. आई असती तर म्हणाली असती, एका तव्यावर दोन भाकऱ्या भाजायला घेतल्या आणि दोन्ही कच्च्या.

मुद्द्यावर येते. आपल्या शेतात नदीकडे उतरायला तारेत फट ठेवली होती. राज्याचे लोक बाबांकडे तार घालायची परवानगी मागायला आले तेव्हा बाबांनी एकच अट घातली होती, की ओतिलियाकडे, आईच्या थडग्याकडे, जायची वाट मोकळी राहिली पाहिजे. त्यांनी मान डोलावली, बोकड खाल्लं, गेले. उन्हाळाभर फट होती. मग नदीपलीकडून, मेक्सिकोतून येणारी माणसं त्याच फटीतून येऊ लागली, कारण फट दिसली की माणूस शिरणारच. गेल्या महिन्यात राज्याच्या सैनिकांनी ती बुजवून टाकली. एक वेटोळं खाली, दोन वर. मी तेव्हा पार वरच्या बाजूला कामावर होते. इथं असते तरी काय केलं असतं कोण जाणे.

आता आई तारेच्या पलीकडे आहे, बाबा अलीकडे. नदी ओलांडून आलेली माणसं तुमची गाडी येईपर्यंत त्या हॅकबेरीच्या झाडाखाली, आईच्या शेजारी बसून राहतात. परवा एक बाई मांडीवर लेकरू घेऊन दगडाला टेकून झोपली होती. म्हणजे ज्यांना अडवायला तार घातली ते आईपाशी बसतात, आणि ज्याची ती बायको तो बाहेर उभा.

दोन नोव्हेंबर जवळ येतोय. पितरांचा दिवस. दगड धुवायला नदीचं पाणी थोरल्यानं आणायचं असतं हे तुला मी काय सांगू. गेल्या वर्षी तू आणि बाबा मिळून केलंत. यंदा बाबा काही बोलत नाहीत, पण त्यांनी झेंडू लावलाय, आणि चुनाही आणून ठेवलाय.

हे पत्र त्यांनी लिहायला सांगितलेलं नाही. त्यांना ठाऊकही नाही.

नेली

१७ ऑक्टोबर

दादा,

उत्तर नाही. ठीक. मीही कोळंबीच्या बोटीवरून कुणाला कधी उत्तर दिलं नव्हतं.

परवानगीसाठी मी काय काय केलं ते ऐक. आधी आपल्या पट्ट्यावरच्या राज्याच्या सैनिकांचा सार्जंट, प्रुइट, त्याला विचारलं. लबकचा आहे, लाल मानेचा, सभ्य. तो म्हणाला, "पोरी, माझ्या हातात असतं तर आत्ता उघडलं असतं. पण तार राज्याची मालमत्ता आहे. कॅप्टनला विचार." कॅप्टन म्हणाला राजधानीत, ऑस्टिनला विचार. ऑस्टिनच्या बाईनं फोनवर फारच गोड आवाजात सांगितलं की तारेपलीकडच्या पट्ट्यात गस्तीचा हक्क केंद्राचा आहे, तिथं कुणाला सोडायचं हे राज्य कसं ठरवणार.

म्हणून गावातल्या तुमच्या कचेरीत गेले. खिडकीपलीकडचा माणूस तुला ओळखत असावा, आडनाव ऐकून जरा मऊ झाला. म्हणाला, पलीकडे कुणी आलं तर आमची काही हरकत नाही, पण तार आमची नाही. राज्याच्या तारेला हात लावला तर राज्य आमच्यावर खटला भरतं, सध्या तो चालूच आहे, पेपर वाचत नाही का? मी म्हटलं, पेपर मी डबा गुंडाळायला आणते, वाचायला नाही.

म्हणजे बघ, नाही कुणीच म्हणालं नाही. प्रत्येकानं आपली हद्द तेवढी दाखवली. दोघांच्याही हद्दी नेमक्या आईच्या दगडापाशी येऊन संपतात.

यावरून कोळंबीच्या कप्तानाची गोष्ट आठवली, सांगायची राहिलीच होती. टेक्सासचं समुद्रातलं पाणी नऊ मैलांपर्यंत, बाकी बहुतेक राज्यांचं तीनच. का, तर आपण अमेरिकेत आलो तेव्हा आधीच स्वतंत्र देश होतो, असं तो छाती काढून सांगायचा. नऊ मैलांची रेघ ओलांडली की इंजिन बंद करायचा, डेकच्या कडेला पॅन्टची बटणं काढून उभा राहायचा आणि म्हणायचा, "आता हे वॉशिंग्टनच्या नावानं." मग परत फिरवून रेघेच्या आत आणायचा. कोळंबी मात्र दोन्हीकडची सारखीच लागायची. मी एकदा त्याला विचारलं, रेघ दिसते कुठं? तो म्हणाला, दिसत नाही म्हणूनच तर सांभाळावी लागते. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. आता तारेपाशी उभी राहिले की तेवढं वाटत नाही.

बाबांना कालच्या जेवणात मी मुद्दाम विचारलं, राज्याच्या लोकांना आत घेऊन चूक झाली असं वाटतं का? त्यांनी मीठ मागितलं. मीठ दिल्यावर म्हणाले, "या जमिनीवर स्पेनचा राजा येऊन गेला, मेक्सिको आलं, टेक्सासचं स्वतःचं राज्य आलं, अमेरिका आली, मधे चार वर्षं दक्षिणेचे बंडवाले आले, परत अमेरिका आली. सगळे म्हणाले जमीन आमची. नांगर घेऊन एक जण आला नाही."

मी म्हटलं, पण यांना तुम्ही स्वतः बोलावलंत. ते म्हणाले, "वॉशिंग्टननं वरच्या शेताचा पट्टा न विचारताच घेतला, भिंत बांधली. हे निदान टोपी काढून दारात आले." बस, एवढंच. ते लोक आले त्या दिवशी तू काय म्हणाला होतास ते मला आठवत होतं आणि त्यांनाही आठवत असणार. "आज यांना आत घेताय, उद्या बाहेर व्हा कसं म्हणाल?" त्यावर त्यांनी तुला जे सांगितलं तेही. सरकारी शर्ट दाराबाहेर काढ, मग या घरात बोल. टेबलावरचं बोकड गार झालं होतं आणि तू ताट तसंच ठेवून उठलास. मी तेव्हा दारात उभी होते, पाठीवर पिशवी, निघालेली. दोघांपैकी एकालाही थांबवलं नाही मी.

तू खरं बोलला होतास. पण खरं बोलणाऱ्याचा या घरात कधी सत्कार झालाय का?

नेली

३१ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र डाकेनं पाठवत नाही, पोचायला वेळ नाही. तुमच्या बोटी पाण्यात सोडायच्या उताराशी तुझी निळी गाडी उभी असते, तिच्या वायपरखाली ठेवतेय. तुझ्या जोडीदारानं मला लांबून पाहिलं, मी हात केला, त्यानंही केला.

काल न्यायाधीशाचा हुकूम आला ते तुला माझ्या आधी कळलं असेल. निकाल लागेपर्यंत तुम्ही राज्याची तार कापायची नाही. कुणाचा जीव जात असेल तरच कापायची. आमच्या टोळीत आरडाओरड झाली, कुणीतरी बिअर आणली. वेंडल म्हणून एक आहे, पूर्व टेक्सासचा, लांब हातांचा, आकडा लावलेल्या काठीनं वेटोळं ओढण्यात त्याच्यासारखा दुसरा नाही. त्याला आपल्या घरची गोष्ट ठाऊक आहे. तो बाजूला घेऊन म्हणाला, "अगं, सोपं आहे. दोन तारखेला तुझ्या म्हाताऱ्यानं तारेपाशी छातीला हात लावून खाली बसायचं. जीव जातोय म्हणायचं. केंद्रवाले पलीकडून कापतील, न्यायाधीशाच्या शब्दाबाहेर न जाता. म्हातारा उठेल, बायकोला भेटेल. कुणाचं काय गेलं?"

मला ते पटलं, खरं सांगते. मी बाबांना सांगितलंही. ते शेगडीपाशी मक्याची साल भिजवत होते, तामाले त्यात गुंडाळून उकडायला, आईसारखी, फक्त जास्त पाणी घालून. ऐकून घेतलं. हात पुसले. मग म्हणाले, "म्हणजे मी मरायला लागलो तर मला तिच्याकडे जाता येतं."

मी म्हटलं, खोटं खोटं, बाबा.

"तिच्याशी मी कधी खोटं बोललो नाही. बाकीच्यांशी बोललोय," ते म्हणाले. "बायकोला भेटायला लबाडी करून जाऊ? आणि कापणारा कोण असेल ते ठाऊक आहे का तुला? त्याची बोट याच पट्ट्यात फिरते. उद्या चौकशी झाली, बाप नाटक करत होता आणि पोरानं तार कापली, तर नोकरी कुणाची जाईल?"

मी तुझं नाव काढलं नव्हतं, दादा. त्या भांडणापासून आठ महिन्यांत त्यांनीही काढलं नव्हतं. आजही काढलं नाही, पण तुझी बोट कुठल्या पट्ट्यात फिरते ते त्यांना ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं, मी ठाण्याच्या पत्त्यावर लिहीत बसले.

म्हणून तार काप असं मी म्हणत नाही. कापू नकोस. पण काठावर उतरायला तुला कुणाची आडकाठी नाही, न्यायाधीशाचीही नाही. गुरुवारी सकाळी या बाजूनं आम्ही तारेपर्यंत येऊ. तू पाण्याच्या बाजूनं ये. बादली आण. दगडाला नदीचं पाणी लागू दे, ते लावायचं थोरल्यानं.

आला नाहीस तर मी यापुढं लिहिणार नाही. धमकी नाही ही. लिहिण्यासारखं काही उरणार नाही.

नेली

२ नोव्हेंबर, संध्याकाळ

दादा,

पाण्याच्या बाजूनं जे दिसलं ते तुझं तुला ठाऊक. आमच्या बाजूचं सांगते.

बाबांनी सकाळी दाढी केली, अंत्यविधीचा पांढरा शर्ट घातला. खुर्ची एका हातात, झेंडूची टोपली दुसऱ्या. चुन्याचा डबा आणि तामाले माझ्याकडे. तारेपाशी खुर्ची मांडून ते बसले आणि आईच्या दगडाकडे बघत राहिले. तिथून नाव वाचता येत नाही, नुसता दगड दिसतो, आणि त्याच्या मागं आईनं लावलेला तो काटेरी निवडुंग. सार्जंट प्रुइट थोडा लांब उभा होता. त्यानं हेल्मेट काढून बगलेत धरलं होतं. बाबा त्याला म्हणाले, बस ना. तो म्हणाला, ड्यूटीवर बसत नाही, साहेब. बाबांना साहेब म्हणणारा सरकारी माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

इंजिनाचा आवाज आला तेव्हा बाबा म्हणाले, गस्त असेल. बोट काठाकडे वळली तेव्हा त्यांनी टोपली मांडीवर घेतली.

तू उतरलास. बादलीवर दुकानाची चिठ्ठी तशीच होती, ती मला इथून दिसली. मग तू उभा राहिलास. किती वेळ उभा होतास तुला कळलं नसेल. मग पिस्तुलाचा पट्टा काढून जोडीदाराकडे दिलास, आणि हिरवा सरकारी शर्ट काढलास आणि हॅकबेरीच्या फांदीला अडकवलास. नोव्हेंबरच्या वाऱ्यात नुसत्या बनियनवर. बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, तो तिथून हलला आणि परत तिथेच आला.

प्रुइट रेडिओवर बोलला ते तू ऐकलं नसशील. "केंद्राचा माणूस पलीकडे उतरलाय," तो म्हणाला. तिकडून काहीतरी विचारलं असेल. तो म्हणाला, "नाही. तारेला हात लावत नाही. आईचा दगड धुतोय."

मग तू बादली नावावर ओतायला उचललीस, आणि बाबा उठले.

"पायाकडून."

तुझ्याशी आठ महिन्यांतला पहिला शब्द. आई काय म्हणायची ते तुला तेव्हाच आठवलं असणार. पाहुण्याच्या तोंडावर पाणी मारतात का? आधी पाय धुवा, तोंड शेवटी. तू बादली खाली घेतलीस आणि पायाकडून सुरुवात केलीस. त्यानंतर बाबा थांबलेच नाहीत. कोपऱ्यातलं शेवाळ काढ. नखानं नको, काडीनं काढ. डावीकडे राहिलं. अरे डावीकडे, तुझ्या डावीकडे, माझ्या नव्हे. तू उलट उत्तर दिलं नाहीस. लहानपणी एवढं ऐकलं असतंस तर आपल्या दोघांचाही बराच मार वाचला असता.

फुलं आणि चुन्याचा कुंचला मी वेंडलकडून मागून आणलेल्या काठीनं पलीकडे दिला. ज्या आकड्यानं वेटोळं ओढतो त्याच आकड्याला टोपली अडकवली. तू टोपली घेताना तारेच्या पात्यानं तुझा अंगठा चिरला, मी पाहिलं, तू लपवलास. मी प्रुइटकडे बघितलं. तो नदीकडे बघत म्हणाला, "काठी पलीकडे गेली म्हणजे तार तुटली असं होत नाही." मग तामाले गेले. मग एक त्याच काठीनं प्रुइटलाही दिला, त्यानं ड्यूटीवर खाल्ला. उभ्यानं.

जाताना तू शर्ट हातात घेऊन बोटीत चढलास. घरी येताना निम्म्या वाटेवर बाबा थांबले. मला वाटलं दम लागला. ते म्हणाले, "शर्ट घालून जा म्हणायला हवं होतं. वारा होता."

नेली

१९ नोव्हेंबर

दादा,

लिहिणार नाही असं मी म्हटलं होतं, पण ते तू आला नाहीस तर.

बाबा परवा राज्याला दिलेली तारेची परवानगी मागे घ्यायला गेले होते. पांढरा शर्ट घालून. राज्याच्या माणसानं खुर्ची दिली, पाणी दिलं, ऐकून घेतलं. म्हणाला, मागे घेता येते, पण सध्या कोर्टात प्रकरण आहे, ऑस्टिनला विचारावं लागेल. तुझं वाक्य मला तिथंच आठवलं. गाडीत बाबा म्हणाले, "त्यानं सांगितलं होतं." त्यानं म्हणजे कुणी, हे मी विचारलं नाही. प्रुइटची बदली झाली. नवा सार्जंट हेल्मेट काढत नाही.

मी तारेचं काम सोडलं. उत्तरेला बीट काढायचं काम आहे म्हणतात, थंडी मात्र फार. जायचं की नाही ते अजून ठरत नाही. पूर्वी ठरायच्या आतच मी निघालेली असायचे.

बाबा रोज संध्याकाळी तारेपर्यंत जातात. तू दगड पुसलेलं फडकं पलीकडे दगडापाशीच राहिलंय, वर एक गोटा ठेवलेला. काल मला म्हणाले, "लिही त्याला, फडकं राहिलंय. घरची वस्तू आहे, न्यायला यावं लागेल."

एवढंच लिहू का, विचारलं. एवढंच, म्हणाले.

आपल्या घरात तसलं नवंकोरं फडकं कधी नव्हतं, दादा. त्यांनाही ते माहीत आहे. आणि विसरणारा माणूस वर गोटा ठेवत नाही, हेही.

आणखी एक. आज सकाळी ठोकाठोकीनं मला जाग आली. बाबा दाराबाहेर, चौकटीच्या उजवीकडे एक खुंटी ठोकत होते. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, टोपी अडकवायला. मग खुंटीवर दोन्ही हातांनी भार देऊन बघितला, ओला शर्ट पेलेल का तसा. टोपी त्यांच्या डोक्यावरच होती.

नेली